येळवशीचा सहावा दगड

ज्यांनी दूरदूरचे देश पाहिले, त्यांनी प्रवासावर लिहावं. मी संभाजीनगरच्या कॉलेजातून सोनपेठजवळच्या आमच्या शेतात गेलो आणि परत आलो, एवढंच. आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिला. तेवढ्याने लिहिण्याचा अधिकार मिळतो का, ठाऊक नाही. वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

येळवस (मार्गशीर्ष अमावस्येला शेतात होणारा सण) जवळ आली होती. एरवी मी आनंदाने निघतो. या वेळी अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, फोनवर सांगितलं होतं, "नव्या रस्त्याची मोजणीवाले आले होते. इहिरीजवळ दगड रोवून गेले." विहीर वाचते की रस्त्यात जाते, हे कोणीच सांगत नव्हतं.

परभणीला रेल्वे सोडून सोनपेठची एसटी धरली. खिडकीची काच लागत नव्हती, गार वारा कानात शिरत होता. बाहेर तूर वाळत आली होती. शेजारी टोपलं मांडीवर घेऊन एक आजी बसल्या होत्या.

"काय शिकायलास रं?"

"भूगोल."

"मंग रस्ता कुनाच्या वावरातून जायलाय, ते सांग की!"

मागचे लोक हसले. आजींनी टोपल्यातली मूठभर बोरं माझ्या हातात ठेवली. "खा. तोंड लय उतरलंय तुजं."

सणाच्या सकाळी अण्णा बाभळीखाली कोप (कडब्याची खोपी) उभी करत होते. शेजारीच विहीर. ती आई-अण्णांनी मिळून खणलेली. अण्णा खाली पहार मारायचे, आई मुरमाची पाटी डोक्यावर घेऊन वर यायची आणि मी याच बाभळीला टांगलेल्या झोळीत असायचो. पुढे आई मला इथेच आंघोळ घालायची. तिच्या तळहातांचे घट्टे पाठीला टोचायचे. सगळ्यांच्या आयांचे हात असेच असतात, असं मला वाटायचं.

कोपीत पाच दगडांना चुना लावून पांडव मांडतात. आईने पाचही मांडले आणि उरलेला चुना घेऊन ती मोजणीच्या दगडाकडे गेली. त्यालाही चुना फासला, कुंकू लावलं, पुढ्यात भज्जी (ओले दाणे आणि भाज्यांचं कालवण) वाढली, आंबील ठेवली.

"अगं, त्यो सरकारचा दगड हाय," अण्णा म्हणाले.

"असू दे. आपल्या रानात बसलाय न्हवं? सनाच्या दिशी उपाशी ठिवायचा का?"

"वाढ, वाढ. म्हंजी हितंच मुक्काम करील."

"जेवला तर माया तरी लागंल त्याला."

प्रथेप्रमाणे अण्णांनी शेतभर आंबील शिंपडली. विहिरीपाशी मात्र ते बराच वेळ रेंगाळले.

दुसऱ्या दिवशी दोघं एसटीपर्यंत सोडायला आले. मला त्यांना काहीतरी सांगायचं होतं. तुमच्या हातांमुळे मी शिकतोय, असं काहीसं. आमच्या घरात असं कोणी बोलत नाही. मी "येतो" म्हणालो आणि बसमध्ये चढलो. तेच इथे लिहायचं होतं. तेही नीट जमलेलं नाही.

पुढे उन्हाळा लागला तेव्हा अण्णांचा फोन आला. मागे यंत्राची घरघर होती.

"इहीर गेली रं. बुजवायलेत."

मी विचारलं, "आई कुठंय?"

"तिथंच हाय. मशीनवाल्या पोरांना भाकरी घेऊन गेली. म्हनली, सकाळधरून उपाशी हायत."