डाव्या बाजूचा बैल

धाडच्या बाजारात बैल घ्यायला मी यादी घेऊन गेले होते. दात, खूर, डोळे, शिंगं, खांदा, चाल. प्रत्येकापुढे खूण केली आणि मगच बैल घरी आणला. आमचा म्हातारा बैल पोळ्यानंतर गेला होता आणि हरभऱ्याची पेरणी तोंडावर आली होती.

आमच्याकडे एक बैल, शेजारच्या मामांकडे एक. दोन घरं मिळून एक जोडी. एक दिवस त्यांच्या वावरात, एक दिवस आमच्या. मी लग्न होऊन आले त्याच्याही आधीपासून हे असंच आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी जोडी जुंपली. नवा बैल डावीकडे थांबेचना. मामांच्या बैलाला रेटत उजवीकडे सरकायचा. मामांनी तिफण सोडली.

"बाई, हा कोन्या बाजूनं चालते, इचारलं का?"

यादीत ते नव्हतं. पहिल्यांदा ज्या बाजूला जुंपतात, तीच बाजू बैलाच्या अंगवळणी पडते. मामांचा बैल उजवा, म्हणून आम्हाला डावा हवा होता. मी दुसरा उजवाच घेऊन आले होते.

"दात मोजले, खूर पाह्यले," मामा म्हणाले. "आता दोघाले मांगंपुढं जुंपाव का?"

तेवढ्यात बुलढाण्याहून त्यांच्या मुलाचा फोन आला. मामांनी त्याला बैलाची अडचण सांगितली. "बाबा, ट्रॅक्टर लावा ना. एका दुपारचं काम."

मामांच्या वावरात ट्रॅक्टर जातो. माझ्या वावराची वाट नाल्यातून, तिथे बैलच जातो. मामांनी ट्रॅक्टर लावला की जोडी संपली आणि माझी पेरणीही. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले.

"आपल्याले घाई नाही बे," मामा फोनवर म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "तुहा बैल जवान हाये, आयकनार नाही. माहाच डावीकडं घेतो."

तीन दिवस ते आपल्या बारा वर्षांच्या बैलाला डावीकडे जुंपून रस्त्यावर नुसतं लाकूड ओढवत होते. मी पुढे कासरा धरून चालायचे. लेकीच्या इतिहासाच्या पुस्तकात एक धडा होता: माणसाने जनावरं माणसाळवली, शेती केली, गावं वसवली. तो मी तिच्याकडून पाठ करून घेतला होता. त्या रस्त्यावर मला तो अर्धाच वाटला. एकेकट्या बैलाने आमची दोन घरं इतकी वर्षं एकमेकांच्या दारात आणून बांधली होती.

चौथ्या दिवशी पेरणी सुरू केली. पाळी मामांची होती. त्यांनी तिफण माझ्या वावराकडे वळवली.

"मामा, आज तुमचं."

"तुहं वावर मुरमाड. ओल उद्यालोक राहत नाही. माह्या काळ्या मातीले काय होते?"

तासाच्या टोकाला, पेरणीची ओळ संपून वळताना त्यांचा बैल सवयीने उजवीकडे झुकला. मामांनी पाठीवर हात ठेवला. तो थांबला आणि डावीकडे आला.

संध्याकाळी मी सरकीची ढेप भिजवली. पहिलं घमेलं मामांच्या बैलापुढे ठेवलं. आमचा नवा बैल मान लांब करून बघत राहिला.