दिवा धरणारा पाणबुड्या

मरोळ गावठाणात अर्बनला सगळे ‘गाळातला अर्बन’ म्हणायचे. त्याला ते मुळीच आवडायचं नाही, पण चुकीचंही म्हणता यायचं नाही. अठरा वर्षं तो गोदीत पाणबुड्याचं काम करत होता. जहाजाच्या पंख्यात अडकलेले दोर कापायचे, तळाला चिकटलेल्या शिंपल्या खरवडायच्या, पडलेली साखळी शोधून तिला हूक लावायचा. बंदरातलं पाणी म्हणजे पातळ चिखल. डोळ्यांसमोर धरलेला स्वतःचा हात दिसत नाही. सगळं काम चाचपून.

१९८५च्या फेब्रुवारीत चंद्रप्रकाश त्याचं घर शोधत आला. अंधेरीच्या एका स्टुडिओत तो प्रॉडक्शन मॅनेजर होता. त्यांना लक्षद्वीपच्या एका बेटापाशी समुद्राखालचा सीन घ्यायचा होता. तिथे प्रवाळाची भिंत होती आणि भिंतीत गुहा.

“हिरोचा डमी आहे, कॅमेरामन आहे,” चंद्रप्रकाश म्हणाला. “पाण्याखाली दिवा धरायला आणि सगळ्यांवर लक्ष ठेवायला अनुभवी माणूस पाहिजे. बस्स, तुम्ही चला, अर्बनभाऊ.”

अर्बनने साठलेली सगळी रजा टाकली. गावठाणातल्या शाळेतून माशांच्या चित्रांचं एक पुस्तक आणलं आणि रोज जेवण झालं की ते उघडून बसू लागला. त्याची बायको कार्मेन शिवणकाम करायची. मशीन थांबवून ती म्हणाली, “शाळेत असताना एवढा अभ्यास केला असतास तर?”

“नितळ पाणी आहे गं तिथे. शंभर फुटांवरचं दिसतं म्हणतात. मी अठरा वर्षं पाण्यात आहे, पण पाण्यात काय असतं ते मी पाहिलेलंच नाही.”

बेटावर पोचल्यावर सहा दिवस काहीच झालं नाही. कपड्यांची पेटी कोचीनलाच राहिली होती. ती आली, तर हिरोची पाठ उन्हाने सोलवटली. मग दोन दिवस डायरेक्टरला हवं तसं ऊन पडेना. अर्बन रोज सकाळी तयार होऊन बोटीत बसायचा. खाली हिरव्या-जांभळ्या सावल्या हलताना दिसायच्या, पण वाऱ्याने पाणी चुरगळलेलं असल्यामुळे नीट काही कळायचं नाही.

तिसऱ्या दिवशी तो चंद्रप्रकाशला म्हणाला, “एक सिलिंडर द्या. अर्ध्या तासात येतो वर.”

“हवा शॉटसाठी आहे हो. कॉम्प्रेसर एकच, तोही खोकतोय.”

पाचव्या दिवशी सिलिंडर न घेता, नुसता मास्क लावून तो बोटीच्या कडेने पाण्यात उतरला. तोंड पाण्यात घालतोय तोच वरून डायरेक्टर ओरडला, “फ्रेममध्ये कोण आलंय ते? काढा त्याला.” अर्बन वर आला आणि ओल्या अंगाने बसून राहिला. गोदीत मुकादमही त्याच्याशी असं बोलत नसे.

सातव्या दिवशी शॉट लागला. बाळा नावाचा पंचविशीतला कॅमेरामन गुहेत शिरणार, वळून गुहेच्या तोंडाकडे कॅमेरा लावणार, आणि डमी बाहेरून आत पोहत येणार. बाळाच्या मागे उभं राहून अर्बनने दिवा धरायचा. अर्बन म्हणाला, “तोंडापासून आतपर्यंत दोर बांधू. गुहा आहे ती.”

“दोर शॉटमध्ये दिसेल,” डायरेक्टर म्हणाला.

“मग मी दोराशिवाय कुणाला आत सोडत नाही.”

“पाच मीटर आत जायचंय, अर्बनभाऊ,” चंद्रप्रकाशने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “सहा दिवस वाया गेलेत. आता तुम्ही नका अडवू.”

अर्बनने आणखी ताणून धरायला हवं होतं. पुढे कित्येक महिने तो स्वतःला हेच ऐकवत राहिला. पण नाही म्हटलं तर वरच बसावं लागलं असतं, आणि त्याला खाली जायचं होतं. त्याने दिवा उचलला.

उतरताना एका हातात तो जड दिवा आणि नजर बाळावर. आजूबाजूला पाहायची सोयच नव्हती. गुहेत शिरताना त्याने जुन्या सवयीने उजवा हात भिंतीला लावला तो काढला नाही. पाच मीटरवर थांबायचं ठरलं होतं, पण चांगल्या कोनासाठी बाळा आणखी आत सरकला, वळला, आणि त्याच्या पायातले फ्लिपर तळाला घासले. तळाशी पिठासारखा मऊ गाळ होता. दोन फटक्यांत तो उसळला आणि सगळं नाहीसं झालं. दिव्याचा उजेड गाळावर आपटून डोळ्यांतच परत येऊ लागला. तोंडाशी आलेला डमी तसाच मागे फिरला.

अर्बनने दिवा सोडून दिला. डावा हात पसरून पुढे सरकला. आधी कानावर बुडबुड्यांचा सैरावैरा आवाज आला, मग छातीवर लाथ बसली. बाळाचा मास्क निघाला होता आणि तो छताला धडका मारत होता. अर्बनने त्याचा पट्टा मागून धरला, त्याला स्वतःच्या पोटाशी घट्ट दाबलं, आणि फिरून भिंत डाव्या हाताला घेतली. वीतवीत चाचपत तो निघाला. घाई केली नाही. बाहेरचं निळं पाणी दिसलं तेव्हा बाळाची बोटं त्याच्या मनगटात रुतलेली होती.

बोटीवर बाळा ओकत होता. चंद्रप्रकाशने त्याला टॉवेल दिला आणि अर्बनकडे वळून विचारलं, “दिवा कुठे आहे?”

अर्बनने मास्क कपाळावर सरकवला.

“फॉरेनचा दिवा आहे, भाड्याचा. उद्या परत निघायचंय. जरा बघता का?”

त्याला तो सिलिंडर उचलून फेकावासा वाटला. पण दिव्याची जबाबदारी त्याचीच होती. तो पुन्हा उतरला, या वेळी कुणाला न विचारता दोर बांधून. गढूळ गुहेत चाचपून दिवा हाताला लागला. बाहेर आला तेव्हा सिलिंडरमध्ये चार-पाच मिनिटांची हवा होती आणि बरोबर कुणी नव्हतं. समोर ती भिंत होती, मासे होते, ऊन थेट तळापर्यंत आलं होतं. पण डोक्यात चंद्रप्रकाशचं वाक्य घुमत होतं, आणि त्याला काय काय उत्तर देता आलं असतं तेच तो घोळवत राहिला. हवेचा काटा लालवर आला तसा तो वर निघाला.

घरी आल्यावर कार्मेनने विचारलं, “कसं होतं रे? कुठले कुठले मासे बघितलेस?”

“पिवळे होते बहुतेक,” अर्बन म्हणाला. “मी रागात होतो.”

दोन महिन्यांनी एका सिनेसाप्ताहिकात छापून आलं, की हिरोने जिवावर उदार होऊन कॅमेरामनला गुहेतून ओढून काढलं. हिरो त्या दिवशी छत्रीखाली बसून होता. अर्बन तो अंक घेऊन अंधेरीला स्टुडिओत गेला.

“पब्लिसिटी असते हो ती,” चंद्रप्रकाश चहा मागवत म्हणाला. “मनावर घेऊ नका.”

अर्बनने चहा घेतला नाही. गावठाणात कुणी विचारलं तर तो विषय बदलायचा. कारण खरं सांगायला गेलं की लोक हसायचे.

पावसाळा संपता संपता बाळा घरी आला. दारातच उभा राहिला. “अर्बनकाका, त्या साप्ताहिकाला मी पत्र लिहिलं होतं. नाही छापलं त्यांनी.” मग म्हणाला, “मला अजून डोळ्यांवर पाणी आलं की श्वास घेता येत नाही. असं नाही चालणार माझं. शिकवाल का?”

“माझं नाव पेपरात कुठे आहे, शिकवायला?” अर्बन म्हणाला.

“दे शिकवून त्याला,” कार्मेन आतून म्हणाली.

तेव्हापासून दर रविवारी चर्चमधली मिसा झाली की अर्बन घाटकोपरच्या पोहण्याच्या तलावावर जाऊ लागला. बाळाच्या मास्कला आतून काळं कापड लावायचं आणि कडेची भिंत चाचपत त्याला तलावाची फेरी मारायला लावायची. पहिल्या रविवारी बाळा छातीभर पाण्यात चार वेळा धडपडत उभा राहिला आणि प्रत्येक वेळी मास्क ओरबाडून काढला.

“भिंत का सोडलीस?” अर्बनने विचारलं.

“घाबरलो, काका.”

“ते दिसलं मला. भिंत का सोडलीस?”

अर्बनने मास्क हिसकावून घेतला, कापड नीट बसवलं आणि परत त्याच्या हातात दिला. “चल. पुन्हा पहिल्यापासून.”