खंडेराव आहेरांची गिअरची सायकल

खंडेराव आहेर म्हणजे नाकावर माशी बसू न देणारा माणूस. मूळचे नांदगावकडचे, पण अंबडच्या एका कारखान्यात चौतीस वर्षं फिटर म्हणून काढली आणि सिडकोत घर बांधलं. मायक्रोमीटर लावायच्या आधी नुसतं बोटांनी चाचपून माप सांगायचे, आणि बहुतेक वेळा ते बरोबर निघायचं. रिटायर झाल्यावरही गल्लीतले बिघडलेले मिक्सर, पंखे, कुलपं सगळं त्यांच्याच ओट्यावर यायचं. असा माणूस नव्या कोऱ्या सायकलपुढे तीन दिवस डोकं धरून बसला होता. गल्लीला कळलं असतं तर आठवडाभर दुसरा विषय निघाला नसता.

सायकल मुलानं, योगेशनं आणली होती. शुगर वाढली म्हणून डॉक्टरांनी रोज चालवायला सांगितलेलं. पंधरा दिवस झकास गेले. मग मागचे गिअर कुरकुरायला लागले. बटण दाबलं तरी चेन वर चढेना, चढलीच तर कटकट करत परत खाली उतरायची. दुकानदार फोनवर म्हणाला की नव्या सायकलचं असं होतंच काका, पहिली सर्व्हिसिंग फुकट आहे, घेऊन या. काकांनी फोन ठेवला आणि बायकोला ऐकवलं की साधी सायकल दुसऱ्याकडून नीट करून घ्यायची वेळ अजून आपल्यावर आली नाय.

हा ताठा होताच, नाही कशाला म्हणा. पण खरं कारण वेगळं होतं. दिवाळीपासून त्यांच्या उजव्या डोळ्यापुढे एक काळपट डाग तरंगत होता, आणि डाव्या डोळ्याला बारीक काही दिसत नव्हतं. याबद्दल त्यांनी घरात ब्र काढला नव्हता. त्यांच्या आईचे, धोंडाबाईंचे डोळे शुगरनेच गेले. शेवटची सहा वर्षं ती बाई खाटेवर बसून होती. दाराशी पाऊल वाजलं की ‘कोण आलं रे?’ एवढंच विचारायची. खंडेरावांना मरणाची भीती नव्हती. त्या खाटेची होती. दुकानात गेले असते तर पावतीवर सही कुठे करायची, इथपासून विचारावं लागलं असतं.

गिअरच्या त्या मागच्या भागाला दोन बारके स्क्रू असतात. एक चेनला वरच्या टोकाला अडवतो, दुसरा खालच्या. कुठला कोणता ते कळायला शेजारी एकेक इंग्रजी अक्षर कोरलेलं असतं, तिळाएवढं. खंडेरावांनी दोन्ही अंदाजानं पिळले, आणि अंदाज साफ चुकला. आता चेन मोठ्या चक्रावर जायलाच तयार नव्हती. मग काय, सगळं खापर कंपनीवर. भंगार माल, नुसता पत्रा, पैसे उकळायचे धंदे!

रविवारी सकाळी त्यांची बायको आशाबाई पोह्यांची बशी घेऊन ओट्यावर आल्या. बघतात तर काय, नवऱ्याचा स्क्रूड्रायव्हर खाचेच्या आजूबाजूला टेकतोय आणि खाच काही सापडत नाहीये. लोकांचे ब्लाउज शिवून त्यांनी उभा जन्म सुईत दोरा ओवण्यात घालवला होता. हे असं चाचपडणं त्यांना सांगावं लागत नव्हतं. बशी बाजूला ठेवून त्या खाली बसल्या आणि कुठलं अक्षर बघायचंय म्हणून विचारलं.

खंडेरावांनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

“आशा, मला दिसत नाय गं.”

“कधीपासून?”

“दिवाळीपासून.”

आशाबाई उठल्या. दोर आणला, झोपाळ्याच्या कडीला सीट बांधून मागचं चाक अधांतरी केलं आणि अक्षरं वाचून दाखवत स्क्रूड्रायव्हर खाचेत बसवून दिला. कुठला स्क्रू किती पिळला ते खंडेरावांना पक्कं आठवत होतं, पहिला दीड फेरा, दुसरा पाऊण. तेवढेच ते उलटे फिरवले. मग गिअरची तार चिमटीत धरली, तर ती सैल. नवी तार थोड्या दिवसांत सैलावतेच, आणि खंडेराव तीन दिवस भलतीकडेच खपत होते! तार जिथे आत शिरते तिथे एक नट असतो, बोटांनी फिरवायचा. त्यांनी तो पाव फेरा सैल बाजूला फिरवला, म्हणजे तार ताणली गेली, आणि आशाबाईंना पेडल फिरवायला सांगितलं. कटकट होतीच. अजून पाव फेरा. आवाज पातळ झाला. आणखी थोडं, डोळे मिटून, कान देऊन. कटकट थांबली आणि चेन नुसती सरसरत राहिली. मग एकेक गिअर वर नेला, एकेक खाली आणला, एकही अडखळला नाही. तीन महिन्यांत खंडेराव पहिल्यांदा मोकळं हसले.

आशाबाईंनी पेडल हातानं थांबवलं.

“रुद्रला रोज क्लासला स्कूटरवर तुम्हीच सोडता,” त्या म्हणाल्या.

रुद्र म्हणजे त्यांचा नातू, सात वर्षांचा. आजोबांच्या पुढे, हँडलला धरून उभा राहायचा.

“सिग्नल लाल का हिरवा, ते त्यालाच विचारतो,” खंडेराव म्हणाले. “त्याला खेळ वाटतो.”

आशाबाईंनी तोंडाला पदर लावला. खंडेरावांनी खिशातून स्कूटरची किल्ली काढली आणि आशाबाईंनी मागायच्या आत त्यांच्या हातात दिली. मला भीती वाटते, म्हणाले, उद्या डॉक्टरकडे तू बरोबर चल.