मेलेल्या खिडक्या

यवतमाळच्या एका कॉलेजात मी बरीच वर्षं कॉम्प्युटर शिकवतो, आणि म्हणून सगळ्या नातेवाइकांच्या लेखी मी फुकटात मिळणारा दुरुस्तीवाला आहे. कोणाच्या लग्नाला गेलो तरी अक्षता पडायच्या आधी कोणीतरी मोबाइल पुढं करतो. मी तोंड वाकडं करतो आणि काम करून देतो. बायको म्हणते, तोंड वाकडं करणं हीच माझी खरी पदवी आहे, बाकीच्या नुसत्या भिंतीवर टांगलेल्या.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्याच्या शेवटी ढाणकीहून मामांचा फोन आला. "कॉम्प्युटरवरच्या खिडक्या बंद होऊन नाई राह्यल्या रे. पाहिजे ते सापडत नाई. मृग आला तोंडावर. येतो काय तू?" मी एसटीत बसलो आणि उमरखेडपर्यंत मनातल्या मनात चरफडत राहिलो. ऊन असं होतं की खिडकीच्या गजाला हात लावायची सोय नव्हती.

मामा हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवायचे. निवृत्त झाल्यावर माणसं देवदेव करतात, राजकारणावर बोलतात, नाहीतर सुनेच्या स्वयंपाकात नाक खुपसतात. मामांनी देशी कापसाचा नाद धरला. बांधावरच्या जुन्या झाडांपैकी चांगली हेरायची, त्यांच्या कापसातली सरकी, म्हणजे बी, हातानं काढून वेगळ्या कापडी पिशवीत ठेवायची, पुढच्या वर्षी वेगळ्या ओळीत पेरायची, आणि त्यातलं चांगलं झाड पुन्हा निवडायचं. अकरा वर्षं हे चाललं होतं. आतल्या खोलीत आढ्याला चौसष्ट पिशव्या टांगलेल्या होत्या, उंदरांच्या भीतीनं. त्यांतली सगळ्यांत सरस चार वाणं त्या साली एका एकरात पेरायची असं त्यांनी ठरवलं होतं. पण पिशवीवर फक्त नंबर. कोणत्या नंबरचं झाड कोणाचं पोर, कोणी पावसाचा खंड सोसला, कोणी बोंडं गाळली, हे सगळं कॉम्प्युटरमध्ये. कागदावर एक अक्षर नाही. मास्तरांना यंत्राचा अभिमान होता ना.

आणि यंत्रात होतं काय, तर स्मॉलटॉक. कधीकाळी कुठल्याशा शिबिरात शिकून आलेली ही प्रोग्रामिंगची भाषा मामांनी मंगळसूत्रासारखी जपली होती. यवतमाळात ती येणारा मी एकटा, आणि मलाही ती मामांच्यामुळेच नाइलाजानं शिकावी लागली. इतर ठिकाणी प्रोग्राम एकीकडे असतो आणि माहिती दुसरीकडे. इथं सगळं एकाच फायलीत नांदतं, तिला इमेज म्हणतात. सेव्ह म्हटलं की पडद्यावर जे जसं आहे ते तसंच्या तसं सेव्ह होतं. अर्धवट लिहिलेली ओळ, उघडी राहिलेली खिडकी, चूक झाल्याची सूचना, सगळंच. दुसऱ्या दिवशी मशीन सुरू केली की सगळा पसारा जिथल्या तिथं हजर. आमच्या घरात मी असं वागलो असतो तर बायकोनं मला कधीच हाकललं असतं.

मामांनी पडदा दाखवला आणि मी कपाळाला हात लावला. खिडकीवर खिडकी, तिच्यावर खिडकी. रोमन अक्षरांत 'झाड' आणि पुढं नंबर. काही पांढऱ्या, काही पिवळ्या, काहींचं नुसतं डोकं बाहेर. मामा दर दोन वर्षांनी आपला प्रोग्राम नव्यानं लिहीत आणि जुना भाग पुसून टाकत, पण त्या जुन्या भागाच्या खिडक्या मागंच राहत. त्यांना धनी उरला नव्हता. बंद करायच्या फुलीवर बोट दाबलं की ती बिचारी पुसलेला हुकूम शोधायची, तो मिळायचा नाही, मग तक्रारीची आणखी एक खिडकी उघडायची. एक घालवायला जावं तर दोन होत. आणि मामा रोज संध्याकाळी, शाळेत हजेरी घ्यावी तितक्या नेमानं, हे सगळं सेव्ह करत.

"मशीन बंद करून चालू करून पाह्यली," मामा म्हणाले. "प्लगही काढून पाह्यला."

"मामा, प्लग काढून कायले जातात ह्या? तुम्हीच तर रोज सेव्ह करून राह्यले यायले."

"मंग सेव्ह नाई करू तं काय करू?"

"हे भंगार ठेवलंच काहून म्हणतो मी? साध्या तक्त्यात चार रकाने केले असते तरी भागलं असतं."

मामांनी चष्मा काढून पुसला. रागावले की ते चष्मा पुसतात. "झाड काय रकाना हाय? ह्याच्यात दर झाड येगळं राह्यते. त्याले इचारता येते, बाप्पा, तुही माय कोणती."

मी हसलो. मला खरंच हसू आलं होतं. माझ्या कॉलेजातल्या पोरांना मी हे किस्से सांगतो, ढाणकीत एक मास्तर आहे, तो झाडांना त्यांची आई विचारतो म्हणून. वर्गात खसखस पिकते.

तेवढ्यात पेरणीआधीच्या वखरणीसाठी ट्रॅक्टरवाला आल्याचा निरोप आला. तो दुसऱ्याच्या वावरात निघून जाऊ नये म्हणून मामा लगेच निघाले. दारातून म्हणाले, "ज्या मेल्या त्या काढून टाक. बियाण्याचं तेवढं सांभाळजो."

"जा तुम्ही बिनघोर," मी म्हणालो.

हे काम करायच्या आधी फायलीची एक नक्कल काढून ठेवायची असते. पहिल्याच तासाला मी हे पोरांकडून वहीत लिहून घेतो, खाली दोन रेघा मारायला लावतो, आणि ज्यानं मारल्या नाहीत त्याला उभा करतो. चहा गार व्हायला लागतो तेवढाही वेळ लागत नाही नक्कल काढायला. मी काढली नाही. विसरलो असतो तर बरं झालं असतं. मला ते आठवलं होतं, आणि मी मनाशी म्हणालो, ह्या कचऱ्याची आणखी नक्कल कोण ठेवतो! लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

मी एक ओळ लिहिली. जेवढ्या खिडक्या आहेत तेवढ्या गोळा कर आणि एकेकीला घालवून दे, एवढाच तिचा अर्थ. फुलीला विचारायचं नाही, धन्याला विचारायचं नाही. ओळ चालवली आणि पडदा एका क्षणात कोरा झाला. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! मामी पन्हं घेऊन आल्या तेव्हा मी पाय लांब करून बसलो होतो.

"मामी, मामांची अकरा वर्षांची घाण एका ओळीत काढली."

"बरं झालं बाप्पा," मामी म्हणाल्या. "दिवसभर त्याच्यातच डोकं घालून राह्यते माणूस."

पन्ह्याचा पेला डाव्या हातात होता. उजव्या हातानं मी सेव्ह केलं.

मामा तासाभरानं आले, हातपाय धुऊन खुर्चीवर बसले आणि पडदा पाहून लहान पोरासारखे खुलले. "निरा चकाचक करून टाकलं की रे!" मग पुढं सरकून म्हणाले, "आता अठ्ठावीस नंबर काढ. त्याची माय पाहू."

मी नव्या प्रोग्रामची यादी उघडली. त्यात गेल्या दोन सालांचीच झाडं होती.

"हे नाई. जुनी खिडकी. पिवळी."

"पिवळी कायची?"

"अरे, जुनी झाडं मी नव्यात आणलीच नाई. पिवळ्या खिडक्यांत दिसतच होती ना ती. बंद होत नव्हत्या त्या, पण वाचता तं येत होतं. मंग कायले दोनदा मेहनत करू?"

अशी चूक स्मॉलटॉकवाला माणूसच करू शकतो, आणि अशी चूक ओळखायची तर स्मॉलटॉक येणारा माणूसच लागतो. यवतमाळात तो एकच आहे हे मी वर सांगितलंच. ह्या भाषेत वस्तूला कोणीतरी धरून ठेवावं लागतं. जिला कोणीच धरलेलं नाही ती वस्तू यंत्र स्वतःहून कचरा म्हणून झाडून टाकतं, न विचारता. मामांची नऊ वर्षांची झाडं फक्त त्या खिडक्यांनी धरून ठेवली होती. मी खिडक्या घालवल्या, यंत्रानं झाडं झाडून टाकली, आणि उरलेल्या कोऱ्या पडद्यावर मी सेव्हचा शिक्का मारला.

वीस मिनिटं मी शोधाशोध केली. पहिल्याच मिनिटाला मला कळलं होतं की काही उरलेलं नाही. पुढची एकोणीस मिनिटं मी नाटक केलं. फायली उघडल्या, मान हलवली, च् च् केलं. सोबतच्या दुसऱ्या फायलीत प्रोग्रामच्या ओळी सापडल्या, झाडं नाहीत. मामा शेजारी बसून एकदा पडद्याकडं, एकदा माझ्या तोंडाकडं पाहत होते. दवाखान्यात पेशंटचे लोक डॉक्टरकडं पाहतात तसं पाहत होते.

"मामा," मी म्हणालो, "फाइल आधीच खराब होऊन गेलती. जुनी भाषा हाय ना. अशानं कधी ना कधी जातच असते."

असा मी. कॉलेजात मी बुरसटलेल्या प्राध्यापकांची टिंगल करतो, चूक कबूल न करणाऱ्या साहेबांच्या नकला करतो, स्टाफरूममध्ये माझ्या नकला प्रसिद्ध आहेत. वेळ आली तेव्हा त्यांच्यातला एकही इतक्या सफाईनं खोटं बोलला नसता.

मामांनी चष्मा पुसला नाही. तो त्यांनी काढून नुसता हातात धरला. "हाव. मले वाटतच होतं," ते म्हणाले. "मीच नाई नाई ते जमा करत गेलो. तू तं पयलेच म्हणून राह्यला होता, चार रकान्यांत ठेवा म्हणून." मग आतल्या बाजूला तोंड करून मोठ्यानं म्हणाले, "आयकलं काय, त्याची काही चूक नाई. माह्याच हातानं झालं."

मग स्टूल घेऊन त्यांनी पिशव्या एकेक करून खाली काढल्या. मी स्टूल धरलं, एवढं मात्र मी केलं. ते सरकी तळहातावर घेत, अंगठ्यानं चोळत, उजेडात धरत. दोन पिशव्या कोणत्या झाडाच्या ते ओळखलं. तिसरीला अडले. चौथी, पाचवी, सहावी, सगळी सरकी सारखीच करडी, सारखीच लव. अठ्ठावीस नंबरची पिशवी त्यांनी दोनदा हातात घेतली आणि दोनदा खाली ठेवली. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. लाज म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी.

"आता सगळी एकातच मिसळून पेरतो," मामा शेवटी म्हणाले. "चांगली झाडं त्याच्यातही दिसतीलच. पुन्हा निवडत बसायले अकरा सालं कोठी हायेत आता माह्याजवळ?" हे त्यांनी हसून म्हटलं. तेव्हा ते चौऱ्याहत्तर वर्षांचे होते.

त्या क्षणी सांगायचं होतं. शब्द जिभेवर आलेही होते. पण मामींनी जेवायला हाक मारली, आणि ताटावर बसल्यावर मला ते सांगणं बरं दिसेना. माणसाला सोयीचं तेवढंच शिष्टाचारात बसतं.

शेवटची गाडी पाचची होती. मामींनी तुरीच्या डाळीची पिशवी दिली, मामा स्टँडवर सोडायला आले. घामानं डबडबलेले, धोतराचा सोगा हातात. गाडी लागली. आमच्याकडं मामा भाच्याला पाया पडू देत नाही, उलट मामाच भाच्याच्या पाया पडतो, भाचा कितीही नालायक निघाला तरी. दरवेळी ते वाकायला लागले की मी संकोचून दोन पावलं मागं सरकतो आणि त्यांचे हात वरच्या वर धरतो, हे आमचं ठरलेलं आहे. त्या दिवशी मामा स्टँडवरच्या धुळीत सावकाश वाकले, एक हात गुडघ्यावर टेकवून, आणि म्हणाले, "माह्यासाठी लय तरास झाला तुले."

मी मागं सरकलो नाही. सरकायला लागलो असतो तर दोन पावलांवर थांबलो नसतो, आणि आज इतका का सरकला, असं त्यांनी विचारलं असतं.