माझ्या हाताने खोडलेलं नाव

"तू मास्तर शे. लाल पेन तुन्हाच खिसामा शे. तूच खोड."

आप्पांनी लग्नपत्रिकेचं प्रूफ माझ्या मांडीवर टाकलं. आप्पा माझे थोरले भाऊ. लग्न त्यांच्या मुलीचं. रनाळ्यातला त्यांचा ओटा, सकाळची वेळ, आठ-दहा भाऊबंद. खोडायचं होतं माझ्या मुलाचं नाव. चोवीस वर्षांचा, एकुलता एक.

"व्याही इचारतीन, हाऊ कोन? मंग मी काय सांगू?" आप्पा म्हणाले.

एक चुलतभाऊ बोलला, "सांगा, नवरदेव नही, नवरी शे."

सगळे हसले. मीही हसलो.

मग खोडलं. पट्टी लावून मारल्यासारखी सरळ रेघ. मान वर केली तर मुलगा चहाचा ट्रे घेऊन समोर उभा. त्याने रेघ पाहिली. म्हणाला, "चहा ल्या, आबा."

मी घेतला. प्यालो.

त्या पत्रिकेवर कोण नव्हतं? बायकोला मारून माहेरी हाकलणारा तोच चुलतभाऊ होता, नावापुढे 'समाजसेवक' लावून. कॉप्या पुरवताना पकडला जाऊन निलंबित झालेला मेहुणा होता. मेलेलेसुद्धा होते, 'कै.' लावून. मेलेल्यांना जागा होती. माझ्या जिवंत पोराला नव्हती.

गुन्हा काय त्याचा? पत्रिकेच्या काही महिने आधी आप्पांनी त्याला स्थळ आणलं. तो नोकरीच्या गावाहून, सुरतेहून आला, समोर बसला आणि स्वच्छ बोलला: मला पुरुष आवडतात, लग्न करून एका मुलीचं आयुष्य नासवणार नाही. आमच्या खानदानात इतकं खरं कुणी बोललं नव्हतं. मी वाचत आलो, शिकवत आलो, आणि तरी त्याला एका बुवाकडे घेऊन गेलो. बुवाने मिरच्यांची धुरी दिली. मिरच्या आमच्याच शेतातल्या, मीच पिशवीत भरून नेलेल्या. त्याची मान मी धरली होती. "बस करा, आबा," तो म्हणत होता. मी सोडली नाही.

हे लिहायला मला वर्ष लागलं.

पत्रिकेच्या दिवशी तो दुपारच्या गाडीने सुरतेला निघून गेला. बायको चुलीपाशी बसून होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "पोऱ्या तठे धड जेवत नही. फोनवर नुसतं हां हां करस. तुम्हले पोऱ्या पाहिजे का आप्पा?"

मी पायात चपला सरकवल्या आणि बाहेर पडलो.

मी तोरणमाळच्या अंगाला एका पाड्यावरच्या शाळेत शिकवतो. दिवाळी झाली की पोरं आईबापाबरोबर ऊसतोडीला गुजरातेत जातात. पटावरचं एक नाव गळू नये म्हणून मी पाडे हिंडतो. म्हाताऱ्यांना विनवतो, पोराला तुमच्याजवळ ठेवून घ्या. कितीदा कुत्री अंगावर आली. तरी गेलो. वीस वर्षांत एकही नाव मी सहज खोडलेलं नाही.

पत्रिकेनंतरच्या सोमवारी असाच चढून गेलो. एका म्हाताऱ्याने नातवाला ठेवून घ्यायचं कबूल केलं. पाणी दिलं. मग सहज विचारलं, "गुरुजी, तुला पोरं किती?"

"नाहीत," मी म्हणालो.

तिथे आप्पा नव्हते. भाऊबंद नव्हते. हातात कुणी प्रूफ दिलं नव्हतं. शब्द माझ्याच तोंडातून आला.

तिथून मी जवळजवळ पळत उतरलो. रेंज आली तिथे रस्त्याच्या कडेला दगडावर बसलो आणि फोन लावला.

"आबा? काय व्हयनं? आई बरी शे ना?"

बापाचा फोन म्हणजे घरात कुणी गेलं असणार. एवढंच माझ्याकडून अपेक्षित होतं त्याला.

"जेवना का रे तू?"

मग म्हणाला, "आज कसं काय इचारतस?"

मी रडलो. तो ऐकत राहिला. "रडू नका," असं म्हणाला नाही. बरं केलं.

रविवारी मी पुन्हा त्याच ओट्यावर गेलो. तीच माणसं. म्हणालो, "आप्पा, मन्हा पोऱ्यानं नाव लिखा."

"मंग तुन्हं बी ऱ्हावाव नही."

त्यांच्यासमोरच्या नव्या प्रूफात 'निमंत्रक' खाली माझं नाव ठळक छापलं होतं. मी लाल पेन काढला आणि त्यावर रेघ मारली. तशीच सरळ. "ल्या."

"पोऱ्यासाठी खानदान सोडस?"

"हां."

या वेळी कुणी हसलं नाही.

मुलाने मला माफ केलेलं नाही. मी माफी मागितलीही नाही. मान धरणाऱ्याला माफी मागून मोकळं होता येत नाही. मी रोज फोन करतो. जेवलास का विचारतो. सुरतेत त्याच्यासोबत राहणाऱ्या जोडीदाराचं नाव घेऊन विचारतो, तो बरा आहे का. पहिल्यांदा ते नाव घेताना जीभ अडखळली होती. आता अडखळत नाही.

ज्या ओट्यावर माझ्या पोराचं नाव चालत नाही, त्या ओट्याची पायरी मी चढणार नाही. आणि ज्या घरात कुणी बाप हातात पेन घेऊन बसला असेल, तिथे मी न बोलावता जाईन. दार लावतील. शिव्या देतील. मी दारात बसेन आणि धुरीची गोष्ट सांगेन, मान कुणी धरली होती तेही सांगेन. पुन्हा जाईन. पुन्हा.

मला पाडे हिंडायची सवय आहे.