विश्वासार्ह

सुमनचा नवरा गेला. फोनवर मलाच रडू फुटलं असतं, म्हणून मी तिला आमच्या वाचनमंडळाच्या पत्त्यावरून ईमेल लिहिला. तो क्षणात परत आला: "पाठवणारा विश्वासार्ह नाही." मी? तिची चाळीस वर्षांची मैत्रीण? पोस्टमन पत्र परत आणायचा तो पत्ता चुकला म्हणून. लिहिणाऱ्याचं चारित्र्य त्याने कधी तपासलं नाही.

मंडळाचा ईमेल सांभाळणारा मुलगा म्हणाला, "मावशी, आपला सर्व्हर बरेच जण वापरतात. त्यातल्या कुणीतरी फसवे मेल पाठवले, म्हणून सगळेच काळ्या यादीत."

चोर सोडून संन्याशाला फाशी!

त्या यादीतून नाव काढायच्या अर्जात एक चौकोन होता: 'माझी चूक सुधारली आहे.' कसली चूक? पण तिकडे सुमन एकटी होती. मी दात-ओठ खात खूण केली. आयुष्यात पहिल्यांदा लेखी खोटं बोलले, आणि मग कुठे मी विश्वासार्ह ठरले.