सुभेदाराचा कासरा

शर्यतीच्या मैदानात तुम्ही नेमकं कुणाला बघता हो? बैलाला बघता, बैलाच्या मालकाला बघता, बक्षिसाच्या गाडीला बघता. पण छकड्यावर वाकून उभा असलेला, दात-ओठ खाऊन कासरा धरणारा माणूस कोण, ते कधी विचारलंय? सुभेदार बैलाचं नाव घेतलं की सातारा-सांगलीतलं शाळकरी पोरगंही त्यानं मारलेल्या फायनल शर्यती पाठ म्हणून दाखवायचं. आकाराम म्हटलं की म्हणणार, कोण आकाराम?

आकाराम माधवनगरचा. बाप गिरणीत होता. गिरणी बंद पडली आणि घरची माणसं मिळेल त्या कामाला लागली. आकाराम सांगलीच्या यार्डात हळदीची पोती उचलायचा. त्याची बायको संयोगिता यंत्रमागावर कांड्या भरते, म्हणजे दिवसभर मशीनपुढं बसून सूत गुंडाळते. त्या बायकांची संघटना मी चालवते, म्हणून हे घर मला आतून-बाहेरून माहीत. सगळे मला आक्काताई म्हणतात, आकाराम नुसतं आक्का.

मैदान असलं की हा पहाटेची एसटी धरून साताऱ्याकडं जायचा. कोरेगावच्या बाजूला भाऊसो म्हणून निवृत्त फौजी आहेत. पलटणीतून हवालदार होऊन आले आणि घरच्या खोंडाचं नाव ठेवलं सुभेदार. "मला न्हाई मिळालं ते बैलाला दिलं," असं स्वतःच सांगून हसायचे. सुभेदाराचा छकडा पाच वर्षं आकारामनं हाकला. कासराही त्याच्या हातचा. संयोगिता मागावरचं तुटकं सूत पिशवीत भरून आणायची आणि हा ओट्यावर बसून, अंगठ्यात पीळ अडकवून कासरा वळायचा. नायलॉननं बैलाला काचतं म्हणायचा.

बैल जिंकला की गुलाल मालकाला, फ्लेक्स बैलाचा. आकारामला ठरलेली मजुरी, नारळ आणि टॉवेल. त्याची कधी तक्रार नव्हती. मी कधी बोलले तर म्हणायचा, "आक्का, तुमाला सगळीकडं गिरणीमालकच दिसतो."

एका मैदानात छकडा निशाण पार करून गेला आणि मोबाइल धरलेली माणसं थेट चाकोरीत उतरली. त्यांना चुकवायला आकारामनं कासरा ओढला. माणसं वाचली. छकडा उलटला आणि चाक त्याच्या उजव्या नडगीवरून गेलं. लोक धावले ते आधी बैलाकडं. बैलाला खरचटलेलंही नाही हे बघून झालं, मग कुणाला तरी खाली पडलेला माणूस दिसला. चार दिवसांनी गुडघ्याखालून पाय काढावा लागला.

फुकट पाय मिळतात, मलाही ठाऊक आहे. शिबिरातून एक आणला होता. राहिलेला भाग आखूड, त्यावर तो टिकेना. दहा पावलांत कातडं सोलून निघायचं. पाय करणाऱ्या केंद्रातल्या माणसानं सांगितलं, माप घेऊन चांगला पाय करा, नीट चालेल, थोडं वजनही उचलेल. खर्च एक लाख ऐंशी हजार. मी डबा घेऊन यार्डाच्या गेटवर उभी राहिले. हमालांनी दिले, कांड्या भरणाऱ्या बायकांनी एकेक दिवसाची हजेरी दिली, गुळाच्या दोन व्यापाऱ्यांनी तोंड वाकडं करून का होईना, दिले. पाच महिने लागले. पैसे आकारामच्या नावावर बँकेत टाकले आणि मापाची तारीख घेतली.

त्याच आठवड्यात सुभेदार पोट फुगून मेला.

आकाराम दवाखान्यात होता तेव्हा मैदानातली दोन माणसं भेटायला आली होती. सुभेदाराला माती द्यायला पाच हजार आली. दहाव्याला मंडप घातला, कीर्तन झालं, आणि भाऊसोंचा मुलगा शिवतेज यानं माइकवर जाहीर केलं की सुभेदाराच्या वस्तूंचा सवाल होणार, त्या पैशातून त्याची समाधी बांधणार. झूल, शिंगांच्या पितळी शेंब्या, गळ्यातली घुंगरं आणि शेवटच्या शर्यतीचा कासरा.

सवाल म्हणजे लिलाव, पण देवाचा. आमच्याकडं जत्रेत देवीच्या साडीचा, मानाच्या नारळाचा सवाल होतो. बोलणाऱ्यानं ताटातला भंडारा मुठीत घ्यायचा आणि आकडा सांगायचा. भंडारा हातात असताना बोललेला आकडा मागं घेत नाहीत. घेतला तर त्या घराकडं पिढीभर बोट दाखवतात. ही रीत त्यांनी उचलली आणि बैलाच्या दोरीला लावली.

आकाराम जाणारच होता, म्हणून मी आणि संयोगिता त्याच्यासोबत गेलो. तो कुबड्यांवर मंडपाच्या कडेला उभा. स्टेजवर त्याला कुणी बोलावलं नाही. झूल पन्नास हजाराला गेली, घुंगरं साठाला. कासरा वर धरून शिवतेज म्हणाला, "ह्यो कासरा भाऊसोंच्या हातचा, ह्याच्यावर सुभेदारानं इतिहास घडवला."

आकारामची मान वर झाली. "भाऊसोंच्या हातचा?" असं तो हळूच म्हणाला. संयोगितानं ऐकलं, मीही ऐकलं.

वीरधवल नावाचा एक ठेकेदार पुढं बसला होता. हायवेला त्याचा ढाबा आहे. तिथं काचेच्या कपाटात असल्या वस्तू मांडतो आणि गिऱ्हाईक त्यांच्यासोबत फोटो काढतं. त्यानं भंडारा उचलून एकावन्न हजार म्हटलं. वर कुणी जाईना. शिवतेज दोनदा ओरडला. तिसऱ्यांदा ओरडायच्या आत आकाराम कुबड्या टेकत ताटापाशी गेला आणि मूठ भरून म्हणाला, "एक लाख."

मला काही सुधरेना. मी उठले आणि तिथूनच ओरडले, "आकाराम, खाली बस. ते पैसे तुझे न्हाईत, पायाचे हायत."

पाच हजार माणसांत एका बाईनं त्याला खाली बस म्हटलं. माझं बोलणं खरं होतं, पण ते बोलायची ती जागा नव्हती. हे मला आज कळतं. तेव्हा तोंड आवरलं नाही.

वीरधवल मागं वळून हसला. "वर्गणीचं हाय व्हय रं गड्या? मग बस की. सव्वा लाख माझं."

आकारामनं माझ्याकडं बघितलं नाही. भंडारा तसाच मुठीत होता. "एक लाख ऐंशी," म्हणाला. त्याच्याकडं तेवढेच होते.

वीरधवलनं हात वर करून नाही म्हटलं. टाळ्या पडल्या. शिवतेजनं खाली येऊन त्याला फेटा बांधला, स्टेजवर चढवलं आणि विचारलं, "पाव्हणं, नाव काय सांगू?" पाच वर्षं ज्यानं त्यांचा बैल हाकला त्याला तो नाव विचारत होता. मग माइकवर आकारामचं पूर्ण नाव तीनदा पुकारलं गेलं. तो रडत होता. माणसांना वाटलं, बैलासाठी.

हा शनिवार. पैसे सोमवारी पोचवायचे होते, म्हणून रविवारी मी त्याच्या घरी गेले. कासरा खुंटीला होता, फेटा कॉटवर.

"उद्या जायचं न्हाई," मी म्हणाले.

"भंडारा उचललाय, आक्का."

"देव काय बैलाच्या दोरीत बसलाय व्हय रं? मी जाऊन सांगते त्यास्नी."

"तुमी सांगू नगा. तुमी सांगितलं म्हणूनच एक लाख ऐंशीवर गेलं."

 संयोगिता चुलीपाशी भाकरी थापत होती. ती मागं न बघता म्हणाली, "सूत मी आणलेलं, वळला तुमी. मला म्हणाला असता तर आणि चार पिशव्या सूत आणून दिलं असतं. दोन दिसांत दुसरा झाला असता."

"दुसरा कुणी इकत घेतला असता का?" आकाराम म्हणाला.

"पयलाबी तुमीच घेतलाय."

मग तो माझ्याकडं वळला. "पाय लावून मी काय करणार हुतो आक्का? पोतीच उचलणार. पोती उचलणारा आकाराम कुणाला म्हाईत न्हाई. कासरा धरणारा म्हाईत व्हावा म्हणून घेतला."

"मग झाला का म्हाईत?"

"त्या दिशी झाला."

 त्याचं उत्तर मला आता सुचतं. वीरधवलनं सव्वा लाख घातले असते, तर वर्षभरात ढाब्यावर वसूल केले असते. ऐपत असलेल्याची हौस गिऱ्हाईक ओढते, नाव मोठं करते. आकारामसारख्याची हौस त्याचं हाड मागते. लोक दोन्हीला एकच शब्द लावतात, श्रद्धा. मला त्या शब्दाची चीड आहे. पण ज्याचं नाव आयुष्यात एकदाच तीनदा पुकारलं गेलं, त्याला ते फुकट गेलं असं तोंडावर सांगायची माझी हिंमत नाही.

सोमवारी तो बँकेतून पैसे काढून कोरेगावला पोचवून आला. मापाची तारीख निघून गेली.

याला आता दहा महिने झाले. समाधी झाली, फरशी बसवलीय, वर सिमेंटचा सुभेदार आहे, पायाशी देणगीदारांची पाटी आहे. पाटीवर आकारामचं नाव सहावं. संयोगिता दुपारपाळी संपवून दुसऱ्या मागावर जाते. आकाराम दिवसभर कॉटवर बसून असतो, गुडघा दुमडून. तसं बसून बसून गुडघा आखडत चाललाय. डॉक्टर म्हणाले, एकदा तो वाकडा धरला की खालचा पाय कितीही चांगला आणा, उपयोग नाही. फार तर दिवाळीपर्यंत वेळ आहे.

गेल्या महिन्यात त्यानंच मला खुंटीवरचा कासरा काढून दिला. म्हणाला, "इकून या." घासाघीस करायची नाही, एवढंच वर सांगितलं.

मी आधी शिवतेजकडं गेले. तो म्हणाला, "आवं आक्काताई, देवाच्या नावानं आलेला पैसा परत कसा देऊ? आन् समाधीला आमचंबी घरचं पडलंय." भाऊसो आत होते, बाहेर आले नाहीत. मग ढाब्यावर गेले. वीरधवलनं चहा पाजला, कासरा हातात घेऊन उलटसुलट बघितला.

"लय उशीर केला तुमी. आता खटावकडचा वजीर पळतोय. सुभेदाराचं रील कोण बघत न्हाई."

"सव्वा लाख म्हणाला हुतास की."

"तवा मंडपात पाच हजार माणूस हुतं आक्का. आता तुमी एकट्या हाय." कासरा टेबलावर ठेवत म्हणाला, "दोनशे देतो. म्हशीला बांधायला येईल."

कासरा घेऊन मी परत आले. आकारामनं आकडा विचारला. मी खोटं बोलले, म्हणाले गिऱ्हाईक बघतेय. त्याला कळलं असावं. पुन्हा विचारलं नाही.

मी परत यार्डाच्या गेटवर डबा घेऊन उभी राहिलेय. पहिल्याच दिवशी एक हमाल म्हणाला, "आक्काताई, मागचा पाय बैलाला बसवला काय?" सगळे हसले. मी भांडणारी बाई. या वेळी भांडले नाही, कारण त्याचे त्यात तीनशे रुपये गेले होते. कांड्या भरणाऱ्या बायका बोलत नाहीत, नुसत्या पदर सावरून पुढं जातात. तीन आठवड्यांत डब्यात पाच हजार पडलेत.

म्हणून तुम्हाला लिहितेय. या वेळी पैसे आकारामच्या हातात जाणार नाहीत, माझ्याही नाहीत. पाय करणाऱ्या केंद्राच्या नावानं भरणार आणि पावती गेटवर चिकटवणार. दर बुधवारी आणि शनिवारी सकाळी सातपासून मी तिथं असते. या. मागच्या पैशाबद्दल बोलायचं असेल तर माझ्याशी बोला, शिव्याही मला द्या, मी ऐकून घेईन. पण त्याचा गुडघा अजून थोडाफार सरळ होतोय, तोवर या.